ताबडतोब बटण दाबा

"वहिनी, हे पाठवू नकोस गं. वाचून मला घाम फुटला, आणि मी तर चांगली धडधाकट आहे," असं नणंद म्हणाली तेव्हा वहिनी एका हाताने लेकीला केळं भरवत होती आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवरचा मजकूर सुधारत होती. सुधारणं म्हणजे तिच्या लेखी आणखी कडक करणं.

"तुला नाही कळायचं. माणसं घाबरल्याशिवाय हलत नाहीत."

"हलतील गं. कुठल्या दिशेला हलतील ते बघ," असं म्हणून नणंद पर्स उचलून कामावर गेली. वहिनीने ते बोलणं केळ्याच्या सालीबरोबर टाकून दिलं.

तिचा नवरा तिला 'कंट्रोल रूम' म्हणायचा, आणि ते काही लाडाने नव्हे. झोपलेल्या लेकीच्या नाकापुढे बोट धरून श्वास चालू आहे ना हे बघितल्याशिवाय ती कूस बदलत नसे. जिना उतरल्यावर गॅस बंद केला का हे बघायला परत वर जायची, आणि वर गेल्यावर खालचं फाटक लावलं का म्हणून पुन्हा खाली. लेकीला शिंक आली की डॉक्टरांचा नंबर लावून ठेवायची, दुसरी आली तर दाबायला सोपं पडावं म्हणून.

या सगळ्या काळजीतून एक कामाची गोष्ट मात्र निघाली होती. आई गेल्यावर तिला मावशीने वाढवलं. ही मावशी शाळेत व्यायाम शिकवायची. निवृत्त झाली तरी गळ्यातली शिट्टी काही निवृत्त झाली नव्हती. शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. एकदा न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तशीच पडून राहिली. इस्त्रीवाला कपडे द्यायला आला म्हणून कळलं. मावशी त्याला आतून म्हणाली होती, "कपडे खुर्चीवर ठेव, आणि जमलं तर दार तोड."

मावशी हे हसत सांगायची. हिला मात्र तेव्हापासून रोज सकाळी तो इस्त्रीवाला आठवायचा. बाळंतपणासाठी नोकरी सोडली होती, पण संगणकाचं शिक्षण डोक्यात होतं. लेक झोपली की थोडं थोडं करत तिने एक वेबसाइट बनवली आणि नाव ठेवलं 'आहात ना'. त्यात काही म्हणजे काही नव्हतं. एक मोठं बटण, त्यावर लिहिलेलं, 'मी ठीक आहे'. म्हाताऱ्या माणसाने सकाळी उठून ते दाबायचं. दाबलं की त्याच्या मुलाच्या, सुनेच्या, भाचीच्या फोनवर एक करडा गोल हिरवा व्हायचा. बस. मावशीने दाबलं, मग मावशीने तिच्या बागेतल्या फिरणाऱ्या मंडळींना दाबायला लावलं. मावशीने दाबायला लावलं की न दाबण्याची सोय नसते.

पण माणसं उशीर करायची. कुणी चहा पिऊन दाबू म्हणायचं, कुणाला चष्मा सापडायचा नाही, आणि तोवर इकडे सगळ्यांचेच करडे गोल बघत बसलेल्या हिच्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं. म्हणून तिने आठवणीचा मेसेज बसवायचं ठरवलं. पहिला मजकूर होता, 'बटण दाबायचं राहिलं का?' तो तिला फारच मिळमिळीत वाटला. नणंदेने वाचला तो शेवटचा, असा:

'तातडीची सूचना! आपण आज बटण दाबलेले नाही. खाली दिलेल्या ठिकाणी ताबडतोब दाबा. न दाबल्यास पुढील कारवाई करण्यात येईल.'

पुढील कारवाई म्हणजे ती स्वतः फोन करून 'बरे आहात ना?' असं विचारणार होती.

मेसेज नीट जातो की नाही हे बघायला तिने तो संध्याकाळी सगळ्यांना एकदम पाठवला, आणि त्या रात्री बऱ्याच दिवसांनी शांत झोपली.

सकाळी वेबसाइट उघडेना. पांढऱ्या पानावर एक ओळ: 'हे संकेतस्थळ आपल्या सुरक्षिततेसाठी बंद करण्यात आले आहे.'

"अरे, उठ. माझी साइट बंद पडलीय."

"सर्व्हर झोपला असेल," नवरा उशीतून म्हणाला.

"सर्व्हर झोपत नाही. या घरात झोपणारा एकच आहे."

नवऱ्याच्या फोनचं नेट दुसऱ्या कंपनीचं. त्यावर बघितलं, तीच ओळ. लेकीला कडेवर घेऊन ती खाली औषधवाल्याकडे गेली. त्याचं नेट तिसऱ्याच कंपनीचं. "ताई, पासवर्ड बायकोची जन्मतारीख आहे," तो म्हणाला आणि विचारात पडला. दोनदा चुकल्यावर त्याने बायकोलाच फोन केला, आणि त्यावरून त्या दोघांचं जे सुरू झालं ते संपायच्या आत तिने आपलं काम उरकून घेतलं. तिथेही तीच ओळ. समोरच्या शिंपिणीकडे तेच. म्हणजे सर्व्हरचं दुखणं नव्हतं. सगळ्या कंपन्यांनी मिळून तिच्या एका बटणाला कुलूप घातलं होतं.

मावशीला फोन लावला. बंद. यात नवल नव्हतं, मावशी फोनला जेवू घालायला नेहमीच विसरायची. पण तेवढ्यात शिवणबाईंच्या सुनेचा फोन आला. बागेतल्या मंडळींपैकी या, शाळेत शिवण शिकवायच्या म्हणून शिवणबाई. "अहो, आमच्या सासूबाईंचा गोल दिसतच नाहीये, आणि त्यांचा फोनही बंद आहे." पाठोपाठ निवृत्त कंडक्टरांचा मुलगा. "बाबांचा फोन लागत नाहीये. आहे काय प्रकार?"

एकट्या मावशीचा फोन बंद असणं ही सवय झाली. सगळ्या म्हाताऱ्यांचे फोन एकदम बंद असणं म्हणजे काय असेल, हे ठरवायला तिच्या डोक्याला वेळ लागला नाही. सगळे मिळून सहलीला गेले असतील आणि बस दरीत. शहरात दरी नव्हती, हे तिला नंतर आठवलं.

मावशीच्या घरी जाणारी बस नेट कंपनीच्या कार्यालयासमोरूनच सुटायची. बसला अवकाश होता, म्हणून ती आत शिरली. तक्रारीच्या खिडकीत एक बाई बसल्या होत्या. वरचा गार वारा थेट मानेवर येतो म्हणून शाल पांघरून.

"नेट बंद आहे का?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

"नेट चालू आहे. माझी वेबसाइट तुम्ही बंद केलीय."

"मी?"

"तुमच्या कंपनीने."

"मग तसं म्हणा. सकाळपासून जो येतो तो माझ्याच माथी मारतो." बाईंनी वेबसाइटचं नाव टाइप केलं, पडद्याकडे बघितलं, मग पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं. मग कडेवरच्या लेकीकडे. शाल जरा घट्ट केली. "किती दिवस आहात यात?"

"कशात?"

"या धंद्यात."

"कुठल्या?"

"फसवणुकीच्या." बाईंचा आवाज खाली आला. "एकट्याच करता, की टोळी आहे?"

लेकीने याच वेळी खिडकीच्या काचेला जीभ लावली. तिने तिला मागे ओढलं, काच पदराने पुसली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपल्याला काय विचारलं गेलंय.

"अहो, ती म्हाताऱ्या माणसांसाठी आहे."

"तेच ना. बहुतेक म्हाताऱ्यांनाच गाठतात." तरी बाईंना बहुधा लेकीची दया आली, कारण त्यांनी समजावून सांगितलं. तिची साइट लोकांना लुबाडते अशा तक्रारी काल संध्याकाळी आल्या. अशा तक्रारी एका दमात आल्या की संगणक आधी दार लावून घेतो, चौकशी मागाहून. आणि एका कंपनीने दार लावलं की ती बाकीच्यांनाही कळवते, म्हणून सगळीकडे एकदम बंद.

"पण तक्रार केली कुणी?"

"नावं सांगता येत नाहीत. पण मी अशा तक्रारी आजवर पाहिल्या नाहीत. एकाच भागातून, एकाच वेळी, शब्दन् शब्द सारख्या. जशी काही कवायत. पक्की संघटना असणार मागे. तुमचं कुणाशी वैर?"

तिने आठवून बघितलं. वरच्या मजल्यावरचे लोक टेबलखुर्च्या ओढतात म्हणून ती एकदा बोलली होती. नवऱ्याच्या साहेबांच्या बायकोचा फोन तिने लेक झोपली होती म्हणून कापला होता. पण यांतलं कुणी कवायत करण्यापैकी नव्हतं.

"उघडायचं कसं ते सांगा."

"ज्यांनी तक्रार केली त्यांनी मागे घेतली तर लगेच. नाहीतर समितीपुढे."

"समिती बसते कधी?"

"आधी नेमायची आहे."

बसमध्ये ती लेकीला मांडीवर घेऊन बसली आणि प्रत्येक थांब्यावर मावशीला फोन लावत राहिली. बंद, बंद, बंद. आता तिला साइटचं काही वाटत नव्हतं. ज्या दिवशी बटण बंद, नेमकं त्याच दिवशी मावशी पुन्हा पडली असेल, आणि आपण मात्र खिडकीत उभं राहून समिती कधी बसते ते विचारत होतो. मावशी म्हणाली असेल, जमलं तर दार तोड, आणि ऐकायला इस्त्रीवालाही नसेल.

मावशीच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. बाहेरून कुलूप म्हणजे आत कुणी पडलेलं नाही, हे शहाण्या माणसाला कळतं. तिने तरीही फटीला कान लावला, मावशी म्हणून हाक मारली आणि उत्तर आलं नाही म्हणून रडायच्या बेतात आली. तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या बागेतून शिट्टी ऐकू आली. एक लांब, दोन आखूड. लहानपणी या शिट्टीने तिच्या झोपेचं वाटोळं केलं होतं. आज मात्र शिट्टी ऐकताच ती तिथेच पायरीवर बसली. लेक टाळ्या वाजवायला लागली.

बागेत सगळी मंडळी रांगेत हात वर करून उभी होती. ठणठणीत. शिवणबाई, कंडक्टर, बँकेत आयुष्य घालवलेले म्हणून 'बँकेतले', सगळे. पुढे मावशी.

"ठमे? तू आत्ता कशी? आणि लेकराच्या डोक्यावर टोपी नको का, उन्हाचं?" मावशीने शिट्टी खाली केली. "हात खाली नाही घ्यायचे, मी सांगितलंय का?" हे रांगेला.

"मावशी, तुझा फोन बंद का आहे?"

मावशीने इकडेतिकडे बघितलं आणि तिला झाडामागे ओढलं. "हळू बोल. आम्ही काल एक टोळी पकडली."

"कसली टोळी?"

"भामट्यांची. काल इथे बसलो होतो, तर सगळ्यांचे फोन एकदम वाजले. सगळ्यांना एकच मेसेज. तातडीची सूचना म्हणे. ताबडतोब दाबा म्हणे, आणि खाली कसला तरी इंग्रजी पत्ता. बटण तर आम्ही सकाळीच दाबलं होतं!" मावशीला तो तोंडपाठ झाला होता. "तूच मला शिकवलंयस ना, घोटून घेतलं होतंस. अनोळखी नंबर, घाई आणि धमकी, तीन गोष्टी दिसल्या की दाबायचं नाही, तक्रार करायची. मी शिट्टी मारली. बँकेतल्यांनी मजकूर सांगितला, सगळ्यांनी तस्सा लिहिला, आणि एक दोन तीनवर एकदम पाठवला."

"न दाबल्यास पुढील कारवाई," बँकेतले रांगेतूनच म्हणाले. हात अजून वर होते. "काय बाई भाषा. चांगल्या घरचं माणूस असं लिहील का?"

"कुणा निर्ढावलेल्याचं काम आहे," कंडक्टर म्हणाले. "मी जन्मभर फुकटे पकडलेत, मला वास येतो."

"आणि फोन?" तिने बारीक आवाजात विचारलं.

"बंद ठेवायला मी सांगितलं सगळ्यांना," मावशी म्हणाली. "टोळी सूड घेते. दोन-चार दिवस जरा गप्प राहावं. तुझं बटण तेवढं राहिलं, पण म्हटलं ठमीला सांगू सवडीने. ती काय, शहाणी आहे, काळजी करणार नाही."

ती झाडाला टेकली. मग म्हणाली, "मावशी, ती टोळी मी आहे."

रांगेतले हात आपोआप खाली आले.

मावशी तिच्याकडे बघत राहिली. ओठ दाबून धरले, तरी हसू नाकावाटे निघालंच, आणि एकदा निघाल्यावर शिट्टीसकट ती बाकावर बसली. "अगं, मग मावशी म्हणायला काय झालं होतं त्यात? मला लगेच कळलं असतं. 'आपण' म्हणतेस मला. या जन्मात मला कुणी 'आपण' म्हटलेलं नाही."

"मग चला," शिवणबाई म्हणाल्या. "केलंय आपण, निस्तरायचंही आपणच."

मावशीने शिट्टी मारली.

तक्रारखिडकीतल्या बाईंनी मान वर केली तेव्हा समोर म्हाताऱ्यांची रांग होती, उंचीप्रमाणे. सगळ्यांत पुढे टोळीप्रमुख, कडेवर मूल.

"आम्ही लुबाडले गेलेलो नाही," बँकेतल्यांनी सुरुवात केली. "तसं लिहून घ्या."

"तशी सोय नाही," बाई म्हणाल्या. "इथे फसवणूक झाली असं सांगता येतं. झाली नाही असं सांगायला जागाच नाही."

"मग फसवणूक झाली असं लिहा," कंडक्टर म्हणाले. "आमची तक्रार हीच फसवणूक होती."

बाईंनी शालीतून हात बाहेर काढला, कपाळ चोळलं, आणि आत जाऊन साहेबांना घेऊन आल्या. साहेब तरुण होते. रांगेकडे बघून त्यांचा चेहरा बदलला आणि ते ताठ उभे राहिले. मावशीने डोळे बारीक केले.

"तू लांब उडीत नेहमी रेषेवर पाय द्यायचास."

"हो, बाई," साहेब म्हणाले.

त्यानंतर फार वेळ लागला नाही. साहेबांची अट एकच होती: तो मेसेज बदलायचा, आत्ता, त्यांच्यासमोर. मग वाट बघायच्या बाकांवर बसून सगळ्यांनी मिळून मजकूर केला, आणि त्यात जे भांडण झालं ते शेजारच्या खिडक्यांवरचे लोकही ऐकत बसले. शिवणबाईंना 'कृपया' हवं होतं, कंडक्टरांना नको होतं. मावशी म्हणाली, घरातल्या माणसाला कुणी कृपया म्हणतं का? शेवटी ठरलं ते असं: 'काय, चहा झाला का? बटण राहिलंय.' खाली 'ठमी'. ती म्हणाली, सगळ्या जगाला माझं हे नाव कशाला. पण तिचं कुणी ऐकलं नाही. टोळीला मत नसतं, असं मावशी म्हणाली.

मग सगळ्यांनी फोन सुरू केले. काल रात्रीपासून तुंबलेले मुलांसुनांचे फोन एकदम वाजायला लागले आणि जो तो एका कानावर हात ठेवून ओरडून बोलू लागला, "अगं आहे, आहे, काही झालं नाही, टोळी पकडली होती." दुपार कलायच्या सुमाराला साइट उघडली. एकेकाने बटण दाबलं. तिच्या फोनवर एकेक गोल हिरवा होत गेला. मावशी तिच्या खांद्याला खांदा लावून बसली होती, लेकीला शिट्टी चोखायला देत होती, तरी तिचा गोल हिरवा झाल्यावरच हिने त्यावरची नजर काढली. माणूस समोर आहे यावर तिचा पुरता विश्वास बसत नसे. त्याला पुरावा लागे.

एक गोल करडाच राहिला.

"हा कुणाचा?" मावशीने चष्मा वर केला.

त्यापुढे नाव नव्हतं, नुसतं 'छत्रीवाले' लिहिलं होतं. मावशीनेच त्यांना बटण शिकवलं होतं. बागेत सगळ्यांच्या मागे चालणारे, उंच, थोडे वाकलेले, पाऊस असो नसो हातात बंद छत्री. फारसं बोलायचे नाहीत. काल संध्याकाळी होते, त्यांनीही तक्रार केली, फोन बंद केला. आज बागेत आले नव्हते.

"नाव काय त्यांचं?"

"आम्ही छत्रीवालेच म्हणायचो," शिवणबाई म्हणाल्या.

"राहतात कुठे?"

"जवळच," बँकेतले म्हणाले. "मी विचारलं होतं एकदा. त्यांनी छत्रीने दाखवलं, असं, देवळाकडे."

"छे, मला बाजाराच्या बाजूला दाखवलं होतं," कंडक्टर म्हणाले.

शिवणबाईंना पुलाकडे दाखवलं होतं. मावशीला काहीच दाखवलं नव्हतं, कारण मावशीने विचारलंच नव्हतं. हजेरी घ्यायची आणि पुढे चालायचं, एवढंच तिला ठाऊक.

बटणासाठी नाव घालताना प्रत्येकाला एक जागा भरावी लागते: गोल हिरवा झाला नाही तर कुणाला कळवायचं. तिने छत्रीवाल्यांच्या पुढची ती जागा उघडून बघितली. तिथे तिचाच नंबर होता. साइटच्या खाली 'काही अडचण आल्यास' म्हणून जो दिला होता, तो त्यांनी उतरवून घातला होता.

त्यांचा फोन अजून बंद लागतो. संध्याकाळपर्यंत मंडळी देवळाकडे, बाजारात आणि पुलाच्या दोन्ही टोकांना फिरून आली. मावशी शिट्टी न वाजवता फिरली. नणंद कामावरून थेट तिकडे गेली, आणि वहिनीला एका शब्दाने बोलली नाही.

तेव्हा हे वाचणाऱ्या प्रत्येकाला ठमीचं एक सांगणं आहे. तुमच्या जिन्यावर, तुमच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावरच्या त्या नेहमी लावलेल्या दाराआड, कोरड्या दिवसातही छत्री घेऊन निघणारे उंच गृहस्थ राहत असतील, तर आज जाऊन दार वाजवा. मेसेज करू नका, त्यांना मेसेजची धास्ती बसली आहे. पहिल्या खेपेला ते उघडणार नाहीत. अनोळखी माणसाला दार उघडायचं नाही, हेही मावशीने सगळ्यांकडून घोटून घेतलेलं आहे. थोडं थांबा, पुन्हा वाजवा. टोळी वगैरे काही नव्हती, ठमी होती, एवढं बाहेरूनच सांगा. आतून नुसतं 'कोण आहे?' आलं, तरी तिला कळवा.